बाळंतिणीची खोली आणि फवारणीचे औषध



'औषध' हा शब्द आपल्या घरात दोन कामांना लागतो. डॉक्टरांनी सुनेला दिलेल्या लोहाच्या गोळ्या हे औषध, आणि कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी कृषी सेवा केंद्रातून आणलेली बाटली हेही औषधच. 'धनी औषध मारायला गेलेत' असे आपण म्हणतो. 'विष मारायला गेलेत' असे कोणी म्हणत नाही. शब्द सोयीचा खरा, पण त्यामुळे एक घोटाळा होऊन बसला आहे. औषध म्हटले की ते कोनाड्यात, फळीवर, बाजेखाली ठेवायची वस्तू वाटू लागते.

आता आपल्या घराची रचना डोळ्यांसमोर आणा. बाळंतिणीसाठी आपण आतली, वारा न लागणारी खोली निवडतो. बी-बियाणे, खताचे उरलेले पोते, फवारणीचा पंप आणि औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या ठेवायलाही तीच खोली सोयीची पडते, कारण तिथे ऊनपाऊस लागत नाही. म्हणजे ज्या खोलीत बाळ आपला पहिला सव्वा महिना काढणार, तीच खोली वर्षभर औषधाची कोठी असते. बाळंतीण यायच्या आधी खोली झाडली जाते, सारवली जाते, चुना लावला जातो. बाटल्या दुसऱ्या खोलीत हलवल्या जातात. पण त्या बाटल्यांनी मागे जे ठेवले ते सारवणाखाली तसेच राहते. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी.

माझा विषय शेतीचा. बाळंतपणाचा सल्ला डॉक्टरांनी, नर्सबाईंनी आणि आशाताईंनीच द्यावा. परंतु फवारणीचे औषध घरात कसे शिरते आणि ते बाहेर कसे काढावे, हे सांगणे मात्र आमच्या कामात येते. आणि या दोन गोष्टींची गाठ बाळंतिणीच्या खोलीत पडते, म्हणून हा लेख.

हातांनी नेलेला मृत्यू

बाळंतपणातल्या स्वच्छतेचा पहिला मोठा धडा जगाला युरोपातील व्हिएन्ना शहरात मिळाला. तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभर बाळंतिणींपैकी अकरा जणी बाळंतज्वराने दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. गावभर ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून बायका हातापाया पडत. वाटेतच रस्त्यावर बाळंत झालेल्या बाईला हा ताप क्वचितच येई, हे तर त्याहून आश्चर्य.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर त्या विभागात काम करीत होता. त्याने गर्दी, हवा, खाणे, बाई कोणत्या कुशीवर निजते, सगळे तपासले. उत्तर सापडेना. १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचा एक सहकारी प्रेत चिरताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून आजारी पडला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांसारखेच होते. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले: डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते चिरतात आणि तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. सुइणी प्रेताला हात लावीत नाहीत. जे काही विष आहे ते हातावरून येते.

हात साबणाने धुतलेले असत. तरी त्यांना प्रेताचा वास राहतोच, हे त्याने हेरले. वास राहिला म्हणजे वस्तूही राहिली. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर त्याच जातीची. एप्रिल १८४७ मध्ये शंभरात अठरा बायका दगावत होत्या, जूनमध्ये दोन.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतले असेल असे वाटेल. तसे झाले नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या हे डॉक्टरांना पटवून घ्यायचे नव्हते. १८४९ साली त्याची व्हिएन्नातली नेमणूक संपली ती पुन्हा मिळाली नाही, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. पुढे १८७९ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराचा जंतू दाखवून दिला, तेव्हा कुठे जगाला त्याचे म्हणणे पटू लागले.

आपल्याकडे काय साधले

हाच धडा आपल्या सुईणबाईंना 'पाच स्वच्छता' म्हणून शिकवला गेला: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळ कापायला नवे पाते, बांधायला स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणे. शेण, माती, राख नाळेवर लावल्याने धनुर्वात होई आणि आठवड्याभरात बाळ जाई. आईला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि ही पाच पथ्ये, एवढ्यावर २०१५ साली आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तर घराच्या आत काय करता येते हे दाखवून दिले. १९९० च्या दशकात ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले: हात धुणे, बाळ उबदार ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे. त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळे दगावत होती. तीन-चार वर्षांत ती संख्या २५ च्या आसपास आली. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी ठरावीक दिवशी येऊन बाळ पाहते, ती पद्धत या कामातून निघाली आणि २०११ पासून देशभर लागू झाली.

दवाखान्यात बाळंतपणे वाढली, त्याचाही गुण आला. महाराष्ट्रात २००४ ते २००६ या काळात एक लाख बाळंतपणांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. तेव्हा बाळंतपण दवाखान्यातच करावे, याबद्दल आता दुमत नको. पण दोन-तीन दिवसांनी आई आणि बाळ येतात ते आपल्याच घरी, आपल्याच त्या आतल्या खोलीत.

जंतू मरतो, विष मरत नाही

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. सगळी साफसफाई या फरकावर उभी आहे.

जंतू जिवंत असतो. त्याला मारता येते. कपडा उकळला, कडक उन्हात वाळवला, ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरले की जंतू मरतो. फवारणीचे औषध जिवंत नसते, त्यामुळे ते मरत नाही. कपडा उकळला म्हणून विष संपत नाही. ब्लीचिंग पावडर टाकली म्हणून ते निष्प्रभ होईल याची खात्री नाही. काही औषधांशी तिचा संयोग होऊन अधिक विषारी पदार्थही तयार होतात, म्हणून सांडलेल्या कीटकनाशकावर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये. विष उचलून, धुऊन, खोदून घराबाहेरच काढावे लागते.

दुसरी गोष्ट उन्हाची. शेतात फवारलेले पुष्कळसे औषध ऊन, पाऊस आणि मातीतले जीव यांच्यामुळे काही दिवसांत वा आठवड्यांत विरून जाते. घरात ऊन नाही, पाऊस नाही. तेथे तेच औषध महिनोन् महिने टिकते. शेतातला अनुभव घराला लावून 'आता वास गेला, काही राहिले नसेल' असे समजणे चुकीचे आहे.

मिसिसिपीतील घरे

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात घडले. तोही आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखा कापूस पिकवणारा मुलूख. तेथे परवाना नसलेल्या काही माणसांनी झुरळे मारण्यासाठी लोकांच्या घरांत मिथाइल पॅराथिऑन फवारले. हे शेतातले औषध. तिकडे लोक त्याला 'कापसाचे विष' म्हणत. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना ते मेटॅसिड किंवा फॉलिडॉल या नावांनी आठवेल. झुरळे चटकन मेली, औषध स्वस्त पडले, म्हणून एकाचे पाहून दुसऱ्याने फवारून घेतले.

१९९६ च्या अखेरीस सरकारला हे कळले. त्याआधी १९९४ साली ओहायो राज्यातील एका जिल्ह्यात असेच घडले होते. भिंती पुसून नमुने तपासले, माणसांची लघवी तपासली. शेकडो घरांत विष सापडले. ज्या घरात तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री होती त्यांचा विचार आधी केला गेला, कारण मोठ्या माणसाला जे मानवते ते पोटातल्या जिवाला मानवेलच असे नाही. कुटुंबांना घराबाहेर ठेवून गालिचे, लाकूडकाम, भिंतींचे थर उखडून काढावे लागले. सरकारचे कोट्यवधी डॉलर खर्च झाले.

आपल्याकडे घर उखडून देणारे सरकार येणार नाही. आपल्याला हे काम फावडे, साबण आणि दोन बादल्या यांवरच भागवायचे आहे. म्हणून ते आधीच करावे. विषाची परीक्षा कशाला?

भारतात मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ साली बंदी आली. बीएचसी भुकटी १९९७ पासून बंद आहे. आपण थिमेट म्हणतो ते फोरेट आणि नुवान म्हणतो ते डायक्लोरव्हॉस, ही २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झाली. तरी माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला, जुन्या पेटीत त्यांची पुडी किंवा बाटली सापडणे अशक्य नाही. एकदा शोधून पाहाच.

पोटातल्या बाळाला काय होते

मावा, तुडतुडे, बोंडअळी यांवर वापरली जाणारी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके किडीच्या मज्जातंतूंवर आघात करतात. माणसाचे मज्जातंतूही त्याच पद्धतीने चालतात. अंगात गेलेले विष मोडून काढणारे एक एन्झाइम आपल्या रक्तात असते. नवजात बाळात ते मोठ्यांपेक्षा खूपच कमी असते.

कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात लेट्यूस, स्ट्रॉबेरी अशी पिके होतात. तेथील शेतमजूर कुटुंबांतील सुमारे सहाशे गरोदर स्त्रियांची नोंद १९९९ व २००० या वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी केली आणि त्यांच्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत या औषधांचे अंश जास्त सापडले, त्यांचे दिवस थोडे लवकर भरण्याकडे कल दिसला. मुले सात वर्षांची झाल्यावर बुद्धीची चाचणी घेतली, तेव्हा सर्वांत जास्त अंश असलेल्या मातांची मुले सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी मागे होती. या बायकांना विषबाधा होऊन दवाखान्यात न्यावे लागले होते असे नाही. रोज थोडे थोडे, नकळत अंगात गेलेले हे औषध होते.

हे वाचून कोणत्याही गर्भारशीने घाबरून जाऊ नये. फवारणीच्या गावात जन्मलेले प्रत्येक बाळ अधू होते असे मुळीच नाही. पण जे टाळता येते ते टाळावे, इतकाच याचा अर्थ. बाळाला अंगावर पाजणेही या भीतीने बंद करू नये. जन्मल्यावर तासाभरात पाजावे, चीक फेकू नये.

विष घरात येते कोणत्या वाटेने

बाटली घरात नसली तरी विष येते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांत काम करणाऱ्यांच्या घरांतली आणि गाड्यांतली धूळ तपासली, तेव्हा बागेतले औषध बहुतेक ठिकाणी सापडले. २००२ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. माणूस कपड्यांवर, बुटांवर, हातांवर ते घेऊन आला होता.

आपल्याकडे ही वाट अशी असते. धनी फवारून येतो, पंप ओसरीवर ठेवतो, ओल्या कपड्यांनीच पाणी पितो आणि धावत आलेले पोर उचलून घेतो. कपडे न्हाणीत पडतात. ते धुते कोण? बहुधा घरची सूनच, दिवस गेलेले असले तरी. वेचलेला कापूस घरातच, आतल्या खोलीत ढीग लावून ठेवतात. मुले त्यावर लोळतात, निजतात. औषध मिसळायला पाणी आणून देणारीही तीच असते.

औषध तोंडावाटेच जाते असे समजू नये, ते कातडीतूनही मुरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो आजारी पडले. त्यांनी औषध प्यायले नव्हते. ते श्वासातून आणि अंगावर पडलेल्या तुषारांतून गेले.

घर कसे साफ करावे

दिवस गेल्याचे कळताच हे काम हाती घ्यावे. डोहाळेजेवणाची वाट पाहू नये, कारण पहिले महिनेही तितकेच नाजूक असतात. पहिलटकरीण माहेरी जाणार असेल तर माहेरच्यांनीही करावे. काम घरच्या पुरुषाने करावे. गरोदर बाई, मुले आणि शेळ्या-कोंबड्या त्या दिवशी लांब ठेवाव्यात. हातांत रबरी मोजे, तोंडाला फडके आणि खिडक्या-दारे उघडी.

१. आधी सगळ्या बाटल्या, पुड्या, डबे बाहेर काढा. चालू औषधे राहत्या घराबाहेर, कुलूप लागेल अशा पेटीत ठेवा. पाणी प्यायच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध कधीही ओतू नका. बंदी आलेली, गळकी, चिठ्ठी गेलेली औषधे वापरू नका, ओढ्यात ओतू नका, जाळू नका. घट्ट बंद करून वेगळी ठेवा आणि कृषी खात्याच्या माणसाला दाखवून विल्हेवाट विचारा.

२. औषध सांडले असेल तर त्यावर पाणी ओतू नका, त्याने ते पसरते. कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाका. मुरल्यावर फावड्याने उचलून जाड पिशवीत भरा.

३. जमीन मातीची असेल आणि जिथे बाटल्या वर्षानुवर्षे होत्या ती जागा ठाऊक असेल, तर तेथील दोन-तीन इंच माती खोदून काढा. नवी माती भरून धुमसा, मग सारवा. तशीच सारवली तर विष झाकले जाते, जात नाही. काढलेली माती विहीर, ओढा आणि वस्तीपासून दूर, खोल पुरा.

४. फरशी किंवा कोबा असेल तर कोरड्या केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने टिपून घ्या, मग धुण्याची पावडर घातलेल्या पाण्याने घासून पुसा. पाणी बदलून दोन-तीन वेळा करा. फडकी पुन्हा वापरू नका. भिंतही फळीच्या आजूबाजूला अशीच पुसा, मगच चुना लावा. पुसलेले पाणी न्हाणीच्या गटारात किंवा परसातल्या भाजीला जाऊ देऊ नका.

५. लाकडी फळीत औषध मुरले असेल तर ती फळी काढून टाका. तिचे सरपण करू नका. बाळंतिणीच्या शेगडीत तर असली काटकी चुकूनही जाऊ नये.

६. रिकामी बाटली एक चतुर्थांश पाण्याने भरून खळखळून ते पाणी पंपातच ओता. असे तीनदा करा. मग बाटलीला भोके पाडून वस्तीपासून लांब पुरा. १९७१ चे कीटकनाशक नियमही रिकामी भांडी मोडून वस्तीपासून दूर पुरावीत असेच सांगतात. औषधाच्या डब्यात तेल, मीठ, रॉकेल भरू नका.

जुने धोतर आणि बाळोती

आपल्याकडे जुना सुती कपडा वाया जात नाही, ही चांगली सवय. पण त्याचे दोन उपयोग एकमेकांच्या आड येतात. फवारणीला जाताना माणूस जुना सदरा, जुने धोतर घालतो. आणि बाळ होणार म्हटले की आजी मऊ झालेले जुने धोतर, जुने लुगडे शोधून बाळोती फाडते, दुपटी शिवते. फवारणीचे कापड बाळोत्यात गेले तर ते चोवीस तास ओल्या कातडीला लागून राहते. म्हणून फवारणीचे कपडे वेगळे ठरवा, त्यांवर रंगाची खूण करा, आणि फाटले की पुरून टाका. बाळासाठी वापरायचे कापड कुठून आले हे आजीने विचारून घ्यावे.

धुण्याबाबत अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग केले. मिथाइल पॅराथिऑन लागलेले कापड स्वच्छ कापडाबरोबर धुतले तर विष स्वच्छ कापडावर उतरते, असे त्यांना आढळले. गरम पाण्याने ते जास्त निघते. पाण्यात दुधाळ होणारी तेलकट औषधे भुकटीपेक्षा कापडात घट्ट बसतात, हेही दिसले. त्यावरून आपण एवढे पाळावे:

फवारणीचे कपडे घराबाहेर काढावेत आणि वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, बाळाच्या व घरच्या कपड्यांपासून दूर धुवावेत. प्रथम साध्या पाण्यातून काढावेत, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर घालून दोनदा धुवावेत. उन्हात वाळवावेत. नदीवर नेऊ नयेत. यंत्रात धुतले तर नंतर ते यंत्र एकदा रिकामेच साबणपाण्याने फिरवावे. न मिसळलेले दाट औषध ज्यावर सांडले तो कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावा.

आणि घराघरांत एक नियम करावा: ज्याने फवारले त्यानेच कपडे धुवावेत. आंघोळ करून, डोक्यावरून पाणी घेऊन मगच घरात यावे आणि बाळ उचलावे. सासूबाईंनी हा नियम घातला तर मुलगा नाही म्हणणार नाही.

मजुरीला येणारी बाई गरोदर असेल तर तिला फवारलेल्या रानात खुरपायला, वेचायला पाठवू नये. औषधाच्या चिठ्ठीवर दिलेले दिवस जाऊ द्यावेत आणि तिला दुसरे काम द्यावे. मिसळायला, पाणी द्यायला तर तिला अजिबात बोलावू नये. तिची मजुरी त्यासाठी बुडवू नये, हे वेगळे सांगायला नको.

धान्यातल्या गोळ्या, उवा आणि ढेकूण

धान्याला कीड लागू नये म्हणून काही जण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून कोठीत टाकतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात या गोळ्या वापरूच नयेत. त्या शिकलेल्या माणसांनी बंद गोदामात वापरायच्या आहेत. घरासाठी धान्य कडकडीत उन्हात वाळवावे, कोठी झाडून कोरडी करावी, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून झाकण घट्ट लावावे.

शेताचे औषध डोक्यातल्या उवांना, बाजेतल्या ढेकणांना, बाळंतिणीच्या खोलीतल्या मुंग्यांना लावू नये. बाज उन्हात टाकून उकळते पाणी ओतले तरी ढेकूण जातात. थायरमसारखे औषध चोळलेले रंगीत बियाणे धुऊन दळायला नेऊ नये. धुतल्याने रंग जातो, विष सगळे जात नाही.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण सर्वांना ओळखता यावा. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा किंचित विषारी. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे.

बाधा झालीच तर

दरदरून घाम, तोंडाला फेस किंवा लाळ, मळमळ, उलटी, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, अंधारी, हातापायांचे स्नायू फडफडणे, श्वास कोंडणे ही लक्षणे ओळखावीत. माणसाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, दूध-तूप पाजू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि बाटली किंवा तिची चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी विनामूल्य मिळते. फवारणीसंबंधी शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे.

हात फिरे तेथे लक्ष्मी वसे, असे आपल्या घरातल्या जुन्या बायका म्हणत. तो हात स्वच्छ असेल तरच हे खरे, एवढे मात्र आपण ध्यानात ठेवावे. आपल्या घरी किंवा शेजारी कोणाला दिवस गेले असतील, तर हे पान कापून त्यांच्या हाती द्या. येत्या अमावास्येला शेताला सुट्टी असेल, त्या दिवशी दोघे-तिघे मिळून माळा आणि आतली खोली उपसा. काय काय सापडते ते पाहा, आणि बाळ घरात येण्याच्या पुष्कळ आधी ते घराबाहेर गेलेले असू द्या.